सूर्य काचेवर नेमका कोठे उतरतो?

सूर्याचे छायाचित्र काढणे हे काम प्रथमदर्शनी कोणालाही सोपे वाटते. ताऱ्यांची चित्रे घेणाऱ्याला उजेडाचा कण न् कण गोळा करीत तासन् तास तिष्ठावे लागते. चंद्राचा उजेड तर बोलूनचालून उसना. सूर्यापाशी मात्र उजेडाची ददात कसली? आणि तरीही १८३९ साली छायाचित्रणाची कला जाहीर झाल्यापासून पुढे कित्येक वर्षे सूर्याची रेखीव प्रतिमा मिळवताना भल्याभल्यांची दमछाक झाली आहे. कारण खरा प्रश्न उजेडाचा नव्हताच. दुर्बिणीतून आलेले किरण ज्या ठिकाणी एकवटून स्वच्छ चित्र उमटवतात ते ठिकाण, शास्त्राच्या भाषेत नाभी आणि आपल्या रोजच्या बोलीत फोकस, नेमके कोठे आहे, हा प्रश्न होता. डोळा एक जागा दाखवतो, छायाचित्राची काच दुसरीच मागते आणि ऊन चढले म्हणजे तिसरीच खरी ठरते. या जागेच्या शोधाची हकिकत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. ती सुरू होते युरोपात. परंतु वाटेत जेऊर आणि तळणी ही आपल्याकडची दोन लहान रेल्वे स्टेशने लागतात, आणि शेवटी ती पुण्यात येते.

आरंभीच एक सूचना करून ठेवतो. दुर्बिणीला योग्य गाळणी लावल्यावाचून तिच्यातून सूर्याकडे डोळा लावू नये, क्षणभरही नाही. ज्या जागेची आज चर्चा करायची आहे, त्याच जागेवर कागद धरला तर तो पेट घेतो. डोळ्याची गत काय होईल, ते निराळे सांगायला नको.

छायाचित्रण निघण्यापूर्वी हा प्रश्न तसा सौम्य होता. क्रिस्टोफ शायनर या जर्मन जेझुइट पाद्र्याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुर्बिणीमागे पांढरा कागद धरून त्यावर सूर्याचे बिंब पाडले आणि त्यावरचे डाग वर्षानुवर्षे रेखाटून १६३० साली त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कागद पुढेमागे सरकवावा, बिंबाची कड रेखीव झाली की थांबावे. पाहणारा डोळा आणि चित्र काढणारा हात एकाच माणसाचे असल्यामुळे दोघांत वाद निघण्याचे कारण नव्हते. याच शायनरने १६१९ च्या आपल्या नेत्रविषयक ग्रंथात एक चमत्कारिक प्रयोग दिला आहे. पुठ्ठ्याला शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रे पाडून त्यांतून एखाद्या सुईकडे पाहिले, तर डोळ्याची नाभी जुळलेली असताना सुई एक दिसते आणि जुळलेली नसताना दोन दिसतात. पुढे दुर्बिणींची नाभी तपासण्याच्या ज्या रीती निघाल्या, त्यांतल्या काहींच्या मुळाशी हीच दोन छिद्रे आहेत. आजही हौशी निरीक्षक रात्री ताऱ्यावर फोकस जुळवताना भिंगावर छिद्रांचे झाकण बसवतात, ते शायनरचेच देणे होय.

भांडण लागले ते काच मध्ये आल्यावर. २ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसमध्ये फिझो आणि फूको या दोघा तरुण शास्त्रज्ञांनी चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर सेकंदाच्या साठाव्या भागात सूर्याचे चित्र घेतले. बिंबावरचे डाग त्यात दिसतात, आणि कडेकडे सूर्य मंद होत जातो हेही दिसते. १८५१ च्या जुलैमध्ये केनिग्सबर्ग येथे बेर्कोव्स्की याने एका लहानशा दुर्बिणीतून ८४ सेकंद प्रकाश घेऊन खग्रास सूर्याच्या किरीटाचे पहिले यशस्वी चित्र मिळवले. पण पुढे जे जे या मार्गाने जाऊ लागले त्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. दुधी काचेवर डोळ्याने प्रतिमा अगदी नेमकी जुळवावी, तिच्या जागी छायाचित्राची काच सरकवावी, आणि काच धुऊन पाहावी तो चित्र पुसट!

याचे कारण भिंगाच्या स्वभावात आहे. काच प्रत्येक रंगाच्या किरणाला सारखेच वाकवीत नाही. म्हणून एकेरी भिंगात प्रत्येक रंगाची नाभी निराळी पडते. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन डॉलंड याने दोन जातींच्या काचांची जोडी करून हा दोष पुष्कळसा घालवला व १७५८ साली तिचे पेटंट घेतले. परंतु ही जोडी बसवली होती माणसाच्या डोळ्यासाठी. डोळ्याला पिवळा-हिरवा प्रकाश सर्वांत प्रखर भासतो, म्हणून कारागिरांनी तेवढेच रंग एकत्र आणले आणि जांभळ्याला वाऱ्यावर सोडले. तो बापडा थोडा पुढे जाऊन एकवटत असे. आता त्या काळच्या छायाचित्राच्या काचेला नेमका हा निळा-जांभळा प्रकाशच तेवढा कळत असे. पिवळ्या-तांबड्याच्या बाबतीत ती जवळजवळ आंधळी होती. म्हणजे डोळा जे पाहून निवाडा देत होता, ते काचेला दिसतच नव्हते, आणि काच ज्याचे चित्र घेत होती ते डोळ्याच्या खिजगणतीत नव्हते. या दुसऱ्या जागेला त्या काळी ‘रासायनिक नाभी’ असे नाव पडले. लंडनमध्ये धंदा करणाऱ्या क्लोदे या फ्रेंच छायाचित्रकाराने ती शोधण्यासाठी एक साधी युक्ती काढली. निरनिराळ्या अंतरांवर अंक लिहिलेले तुकडे मांडायचे, मधल्यावर डोळ्याने फोकस करायचा आणि छायाचित्रात कोणता अंक सर्वांत स्पष्ट येतो ते पाहायचे. जो येईल त्यावरून डोळ्याची आणि काचेची तफावत कळे. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात कसलाही सिद्धान्त नाही. काचेलाच विचारायचे, बाई, तुला कोणता दिसला?

सूर्याच्या बाबतीत हेच विचारण्याचे काम वॉरन डे ला रू यांनी केले. हे गृहस्थ मूळचे कागदाच्या आणि छपाईच्या व्यवसायातले, ज्योतिषाची हौस असलेले. सूर्याचे रोजच्या रोज छायाचित्र घ्यावे अशी सूचना सर जॉन हर्शेल यांनी १८५४ साली केली होती. त्यानुसार लंडनजवळ क्यू येथील वेधशाळेसाठी डे ला रू यांनी एक खास दुर्बीण आखली आणि अँड्र्यू रॉस या कारागिराने ती १८५७ साली पुरी केली. आकाराने ती अगदी लहान. पुढचे भिंग ३.४ इंचांचे, नाभ्यंतर ५० इंच. एवढ्या नाभ्यंतरावर सूर्याचे बिंब जेमतेम अर्ध्या इंचाचे पडते. ते मागच्या दुसऱ्या भिंगांनी मोठे करून चार इंचांचे बिंब काचेवर उतरवायचे, अशी योजना होती. उजेड इतका, की काचेसमोरून चिरेची फळी स्प्रिंगच्या झटक्याने सरकवावी लागे. भिंग मुद्दाम जांभळ्या प्रकाशासाठी घासलेले होते. डोळ्याची नाभी आणि काचेची नाभी एकाच ठिकाणी याव्यात हा हेतू. तरीही त्या आल्या नाहीत. पुनःपुन्हा काचा खर्ची घातल्यानंतर डे ला रू यांना आढळले, की चार इंची बिंबासाठी काच डोळ्याने ठरवलेल्या जागेपासून इंचाचा दहावा ते आठवा भाग पलीकडे ठेवली म्हणजेच चित्र उत्तम येते. इंचाचा आठवा भाग म्हणजे तीन मिलिमीटरच. पण तो सापडेपर्यंत दुर्बिणीचा सारा खर्च आणि खटपट व्यर्थ होती. सापडल्यावर मात्र त्याच दुर्बिणीने १८६० च्या जुलैत स्पेनमध्ये खग्रास ग्रहणाची चित्रे घेतली, आणि चंद्राच्या कडेवर दिसणाऱ्या तांबूस ज्वाला चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत हे निर्विवाद ठरण्यास मोठे साहाय्य केले.

न्यूयॉर्कच्या रदरफर्ड यांनी या तंट्याचा निकाल निराळ्या रीतीने लावला. १८६४ साली त्यांनी सव्वाअकरा इंचांचे असे भिंग तयार करविले, की ज्यातून डोळ्याने पाहायला गेले तर काहीच धड दिसू नये, पण काचेवर मात्र चित्र रेखीव यावे. आरसा वापरला तर हा वादच मिटतो. कारण आरसा सर्व रंगांना एकाच ठिकाणी आणतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या प्रसिद्ध ग्रहणात मेजर टेनंट यांनी आंध्रातील गुंटूर येथे नऊ इंची आरशाच्या दुर्बिणीने सहा काचा घेतल्या, त्या याच सोयीमुळे.

१८७४ साली मात्र या शास्त्राची सत्त्वपरीक्षा झाली आणि त्यात ते नापास झाले, असेच म्हणावे लागते. त्या वर्षी ९ डिसेंबरला शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाणार होता. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून त्याची जागा मोजली, तर सूर्याचे अंतर काढता येणार होते. ब्रिटिशांनी डॉलमायर यांच्या कारखान्यात चार इंची सौर दुर्बिणी करवून जगभर धाडल्या. काचा परत आल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, आणि मोजणाऱ्यांच्या ध्यानात आले की सूर्याला कडच नाही! बिंब कोठे संपते ते सांगता येईना; जितके मोठे करून पाहावे तितकी कड विरत जाई. थोडासा चुकलेला फोकस, हवेची थरथर, काचेवर पसरणारा प्रकाश, शिवाय सूर्याचे मूळचेच कडेला मंद होणे, या सर्वांचा हिशेब त्या पुसट पट्टीत एकत्र मिसळला होता. १८८२ सालच्या पुढच्या अधिक्रमणाला ब्रिटिशांनी छायाचित्रणाचा नाद सोडून दिला. दुर्बिणी मात्र फुकट गेल्या नाहीत. तशाच दुर्बिणींनी ग्रिनिच येथे सूर्याचे दैनंदिन चित्र घेण्याचा परिपाठ सुरू झाला, आणि इंग्लंडातल्या ढगाळ दिवसांची भर आपल्या देशाने घातली. १८७८ पासून डेहराडून येथे रोज सूर्याच्या काचा घेतल्या जाऊ लागल्या. शंभर वर्षांच्या सौरडागांची ती मोजदाद आजही संशोधकांना लागते.

पुसट चित्र हे निदान प्रामाणिक असते. ते आपले पुसटपण लपवीत नाही. अर्धे रेखीव, अर्धे पुसट असे चित्र अधिक घातक. याचे उदाहरण म्हणजे पॅरिसजवळील म्यूदों येथील जान्सेन. हे तेच जान्सेन, ज्यांनी १८६८ साली गुंटूरला ग्रहण पाहून दुसऱ्याच दिवशी ग्रहणाविना सूर्यज्वाला पाहण्याची रीत सिद्ध केली. पुढे त्यांनी सुमारे साडेतेरा सेंटिमीटरच्या भिंगाने तीस सेंटिमीटरची सूर्यबिंबे घेतली. भिंग जांभळ्या प्रकाशासाठी घडवलेले, काच ओल्या कलोडियनची, आणि प्रकाश देण्याचा अवधी सेकंदाच्या दोन-तीन हजाराव्या भागाइतका. सूर्याच्या पृष्ठभागावरचे तांदळाच्या दाण्यांसारखे कण इतके स्वच्छ त्यापूर्वी कोणी टिपले नव्हते. परंतु या काचांवर काही ठिकाणी कण रेखीव तर लगतच्या पट्ट्यात माखल्यासारखे, असे एक जाळे दिसे. भिंगाचा फोकस चुकला असता तर सगळीच काच बिघडली असती. म्हणून हे जाळे सूर्यावरचेच असले पाहिजे, असा जान्सेन यांनी कौल दिला व १८७७ साली त्याला नावही दिले. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण मधल्या हवेचा प्रत्येक उष्ण झोत म्हणजे एक ओबडधोबड भिंगच असते. तो किरणांना वाकडे नेतो आणि काचेच्या एका कोपऱ्यात फोकस असताना दुसऱ्या कोपऱ्यात घालवतो. जाळे सूर्यावर नव्हते. आपल्याच वातावरणात होते. जान्सेन यांच्याएवढा सावध माणूस जेथे फसला, तेथे नवख्याची काय कथा!

आता आपल्या भागाकडे येऊ. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि दख्खन, वऱ्हाड, नागपूर असा प्रवास करीत उत्तरेकडे गेली. मुंबई-पुण्याकडे त्या वेळी प्लेगचा कहर चालू होता. तशाही परिस्थितीत देशोदेशीचे ज्योतिषी येथे येऊन तळ ठोकून बसले. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले ते या ग्रहणाला. हीलियमच्या शोधाशी जोडलेल्या १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी ते तेथे होते, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पण त्या वर्षी ते इंग्लंडातच होते आणि तेथूनच त्यांनी सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँबेल उतरले होते. त्यांच्याच शेजारी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपली उपकरणे मांडली होती. वऱ्हाडात तळणीला इंग्लंडचे माँडर पतिपत्नी आणि जॉन एव्हरशेड.

जेऊर आणि तळणी यांची तुलना मोठी बोधप्रद आहे. कँबेल यांच्या कॅमेऱ्याचे भिंग पाच इंचांचे, पण नाभ्यंतर चाळीस फूट! त्यात सूर्याचे बिंब साडेचार इंचांचे पडे. एवढे धूड सूर्यामागे फिरवणे अशक्य. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवून आतली काचच घड्याळाच्या यंत्राने सरकवीत. उलट श्रीमती ॲनी माँडर यांचा कॅमेरा गर्टन कॉलेजच्या साहाय्यातून घेतलेला. भिंग दीड इंचाचे, नाभ्यंतर नऊ इंच. सूर्याचे बिंब दोन मिलिमीटरचे, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याहूनही बारीक. या दोघांपैकी फोकस जुळवणे अवघड कोणाला? आपण म्हणाल, चाळीस फुटांच्या कॅमेऱ्याला. वस्तुस्थिती उलट आहे. लांब नळीत किरण अगदी निमुळते होत येतात, त्यामुळे काच काही मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी चित्रात फारसा फरक पडत नाही. आखूड कॅमेऱ्यात किरण रुंद कोनाने येऊन एकमेकांना छेदतात. तेथे केसाच्या जाडीइतकी चूकदेखील दिसून येते. लांब कॅमेऱ्याचा धोका निराळा. चाळीस फूट लोखंड वीस अंशांनी तापले तर जवळजवळ तीन मिलिमीटर लांबते. म्हणून कँबेल यांच्या कॅमेऱ्यात भिंगाचा आधार आणि काचेचा आधार नळीपासून अलग होते. नळी केवळ उजेड अडवण्यापुरती.

बरे, ग्रहणात फोकस जुळवायचा तरी कशावर? किरीट दिसतो तो खग्रास झाल्यावर, आणि जेऊरला तो अवधी होता सुमारे दोन मिनिटे. म्हणून अशा मोहिमांची रीत अशी, की आधीच्या रात्री एखादा ठळक तारा धरायचा, काच थोडी थोडी सरकवीत त्याच्या रेघा उमटवायच्या आणि सर्वांत बारीक रेघ ज्या जागी येईल ती जागा पक्की करायची. पण दख्खनमधली जानेवारीची रात्र आणि दुपार आपल्याला ठाऊक आहे! पहाटे घोंगडी लागते आणि दुपारी सावली. रात्री पक्की केलेली जागा दुपारी तीच राहील याची हमी कोणी द्यावी? सहा महिन्यांची तयारी, हजारो मैलांचा प्रवास, आणि निकाल त्या दोन मिनिटांत. पुन्हा मागून घेण्याची सोय नाही.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होते आणि काचा उत्तम आल्या. श्रीमती माँडर यांच्या दीड इंची भिंगाने किरीटाचा एक लांबच लांब झोत टिपला. सूर्यापासून लक्षावधी मैल दूर गेलेला एवढा झोत तोपर्यंत कोणाच्याही काचेवर आला नव्हता. एव्हरशेड यांनी क्षणमात्र चमकणारा वर्णपट घेतला. नायगमवालांनी आपल्या निरीक्षणांचा अहवाल पुढे १९०२ साली प्रसिद्ध केला. पुण्यातून निघालेले ते काम आज आपल्यालाच फारसे ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर ती वेधशाळा बंद पडली आणि तिची वीस इंची दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली.

कोडाईकनालला १९०७ साली एव्हरशेडही आले होते. तेथे १९०४ पासून सूर्याच्या दैनंदिन काचांची परंपरा सुरू झाली होती. पुढे त्या कामाला जी सहा इंची दुर्बीण लावली, ती मद्रासच्या वेधशाळेसाठी १८५० साली घेतलेली, म्हणजे डोळ्यासाठी घासलेल्या भिंगाची. रंगांचे भांडण तेथे एका हिरव्या काचेने मिटवले. भिंगाला जो रंग मानवतो तेवढाच आत घ्यायचा, बाकीच्यांना दारातच अडवायचे.

उरले ते ऊन. अमेरिकेत माउंट विल्सनवर हेल यांनी १९०५ साली आडवी सौर दुर्बीण उभारली, तेव्हा त्यांना हा शत्रू पुरेपूर भेटला. उन्हात आरसे तापून किंचित फुगत आणि काम चालू असतानाच नाभी सरकू लागे. दोन चित्रांच्या मध्ये आरशांवर सावली धरणे, पंख्याने वारा घालणे, सकाळी लवकर काम उरकणे असे उपाय त्यांनी केले. आणि १९०८ साली साठ फुटी मनोऱ्यावर दुर्बीण बसवताना आरसेच बारा इंच जाड करविले, म्हणजे ते सहसा वाकू नयेत. त्याच वर्षी या मनोऱ्यावरून सौरडागांतील चुंबकत्व सिद्ध झाले.

आज हौशी मंडळींच्या हाती चार-सहा सेंटिमीटरच्या सौर दुर्बिणी आल्या आहेत. हायड्रोजनच्या एकाच तांबड्या प्रकाशात त्या सूर्य दाखवतात; तेव्हा रंगांचा तंटा येथे उरतच नाही. तरीही कॅमेरा लावला, की पुष्कळदा बिंब फुगलेले, पुसट! कारण अगदी घरगुती आहे. नाभी जेथे पडते तेथवर कॅमेऱ्याचा पडदा पोचतच नाही. फोकसची सरकनळी पूर्ण आत ढकलली तरी पडदा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मागेच राहतो. मधला काटकोनी भाग काढून टाकावा असा मोह होतो, परंतु अशा अनेक दुर्बिणींत संरक्षक गाळणी त्याच भागात बसवलेली असते, म्हणून त्याला हात लावायचा नाही. उपाय असा, की कॅमेऱ्यापुढे अंतर्गोल भिंगाची बार्लो नळी लावून नाभी मागे ढकलायची. पहिल्या प्रतिमेवर संतुष्ट न राहता दुसऱ्या भिंगाने ती सोयीच्या जागी नेण्याची ही क्लृप्ती. भिंगाची जात निराळी असली, तरी डे ला रू यांनी क्यूला केले ते याच वळणाचे. फोकस बिंबाच्या मध्यावर न पाहता एखाद्या डागाच्या कडेवर किंवा बिंबाच्या काठावर पाहावा, आणि पडद्यावर सावली धरून पाहावा. उन्हात दिपलेला डोळा हा वाईट पंच असतो.

पुण्याच्या आयुका संस्थेत ‘सूट’ नावाची सौर दुर्बीण तयार झाली. २ सप्टेंबर २०२३ रोजी ती आदित्य-एल१ यानातून सूर्याच्या दिशेने गेली. तिचा आरसा चौदा सेंटिमीटरचा. म्हणजे ही दुर्बीणही लहानच. जांभळ्याच्याही पलीकडचा जो प्रकाश डोळ्याला मुळीच दिसत नाही, त्यात ती चित्रे घेते, तेव्हा डोळ्याने फोकस जुळवण्याची गोष्टच नको. पृथ्वीवरच्या हवेत जुळवलेली नाभी उड्डाणाचे हादरे आणि अंतराळातली थंडी सोसून जागेवर राहीलच, असे तिच्या कर्त्यांनी गृहीत धरले नाही. दुर्बिणीच्या आत कॅमेऱ्यापुढचे एक भिंग सूक्ष्म चालकावर बसवलेले आहे. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर ते इकडून धाडलेल्या संदेशाने पुढे किंवा मागे सरकवता येते.